शेंगाच्या चटणीचा डबा

उखळात शेंगदाणे आणि लसूण कुटल्याचा वास आला की मला सोलापुरातली ती दुपार आठवते. मी मॅट्रिक झालो होतो, संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला कॉलेजात निघालो होतो आणि पाय जमिनीवर ठरत नव्हते! आईनं ट्रंकेत कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीचा डबा ठेवला. मी डबा हळूच बाहेर काढला. कॉलेजात कपड्यांना लसणाचा वास येऊन कसं चालेल? आदल्या वर्षी पुण्याला गेलेला शेजारचा दादा ट्रंकेला दोर बांधायला आला होता. त्यानं डबा पुन्हा आत कोंबला. "येडा हायस का रे? ह्योच तर लई कामाला येतो तितं! फकस्त खोलीचं दार सताड उघडं ठेव, आन मगच झाकण काढ." पुण्यातल्या वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी मी तसं केलं, आणि वासामागोमाग सातारा आला, कोकण आलं, खानदेशही आला! कडाकडा भाकरी मोडता मोडता एकानं आपली जुनी पुस्तकं देऊ केली, दुसरा सकाळी वाचनालय दाखवतो म्हणाला. डबा त्याच रात्री रिकामा झाला आणि मी पुण्याचा झालो. परवा कॉलेजला निघालेल्या नातीनं बॅगेतून डबा हळूच बाहेर काढला. तो परत आत कोंबायला मी दारात उभाच होतो.