गाण्याआधीचा इतिहास

शेजारच्या काकांनी गाणं म्हणायला घेतलं की गाणं सुरूच व्हायचं नाही. आधी इतिहास. इथे आखातात, अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमधली मुलं त्यांना हिस्ट्री अंकल म्हणत आणि त्यांची गिटार दिसली की लिफ्टकडे पळत. मला पळता येत नसे, कारण मी त्यांच्याकडेच गिटार शिकत होते.

गाणं एकच, एक जुनं अमेरिकन लोकगीत. दारात आलेल्या मृत्यूला एक माणूस विनवतो, अजून थोडं जगू दे. "कुणी रचलं, माहीत नाही," काका डोळे मिटून सांगत. "एक पाद्री म्हणे माझं, खाणकामगार म्हणत आमचं. ज्यानं गायलं त्यानं एखादं कडवं गाळलं, एखादं घातलं. म्हणून तर टिकलं!" तोवर चहा गार झालेला असे.

वेळकाळ त्यांना कळतच नसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला डबा परत द्यायला आले आणि गिटार घेऊन बसलेच. आई वैतागली. "भावजी, आज तरी मरण नको!"

"वहिनी, त्याला व्हिसा लागत नाही. केव्हाही येतं."

बायका तिळगूळ हातात धरून बघत राहिल्या.

मला दर शनिवारी एकच टुमणं. "अगं, एकदा लोकांसमोर म्हण. मी गेल्यावर इथे हे कोण गाणार?" लोकांसमोर माझा आवाज घशातच राहतो, हे सांगायलाही आवाज लागला असता. मी नुसती तारा जुळवत बसे.

मग काका निवृत्त झाले. सामान कार्गोने पुण्याला गेलं. निरोपाच्या जेवणात त्यांनी गिटार घेतली आणि पुन्हा पाद्रीपासून सुरुवात केली. श्रीखंड पातळ होऊ लागलं. "यल्ला, चला काका, खलास करा," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. काकांचा चेहरा पडला, तरी ते थांबेनात. मला हसणाऱ्यांचाही राग आला आणि काकांचाही. त्यांच्या हातातली गिटार घेऊन मी सरळ गायलाच लागले. तिसरं कडवं आठवेना, तेव्हा मनचेच शब्द घातले.

"तिसरं चुकलीस," काका डोळे पुसत म्हणाले. "आता तसंच म्हणत जा." गिटार त्यांनी परत मागितली नाही.

हल्ली शनिवारी दोन मुली माझ्याकडे शिकायला येतात. मी सांगते, एक पाद्री म्हणे माझं, खाणकामगार म्हणत आमचं, आणि तिसरं कडवं अल मनखूलचं.

"दीदी, कॅन वी जस्ट सिंग?"

"थांब गं," मी म्हणते. "हिस्ट्री अजून संपली नाही."