खांबाला बांधलेली पोर

पेणच्या खाडीकाठी एका घरात तीन वर्षांची मुलगी कमरेला बांधून खांबाशी बसवलेली मी पाहिली आणि तसंच अहवालात लिहून टाकलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलांच्या संरक्षणाच्या कामात मी नवी होते आणि अंगात शहाणपणा फार होता. आई मिठागरावर गेली होती. मला रोह्याची एसटी गाठायची होती, म्हणून मी थांबले नाही.

त्या अहवालावरून आमच्या साहेबांनी मुलीला बालगृहात पाठवायची शिफारस तयार केली. सही तेवढी माझी हवी होती. पेन हातात घेतलं तेव्हा लक्षात आलं, आईशी मी एक शब्द बोललेले नाही. सही न करताच उठले आणि पुन्हा पेणला गेले. या वेळी ती येईपर्यंत ओट्यावर बसून राहिले.

आल्या आल्या तिनं आधी गाठ सोडली. जुनं, मऊ लुगडं होतं ते.

"हिचा थोरला भाव भरतीच्या पान्यात बुडून गेला," ती म्हणाली. "सासू मेली, नवरा बोटीवर. बांधू नाय तर काय करू? तुमीच सांगा बाई."

मग मी तिलाच विचारलं, पोर कोणाकडे निर्धास्त ठेवशील? ती लगेच म्हणाली, माझी जाऊ हमरापूरला गणपतीच्या मूर्ती रंगवते, तिच्याकडे. जाऊ तर तयारच होती, पण तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

नवा अहवाल पाहून साहेब भडकले. "आधीचा अहवाल काय खोटा होता?"

"अर्धा होता," मी म्हटलं. "अर्ध्या अहवालावर आईपासून पोर तोडायला मी सही करणार नाही. नोकरी घ्यायची तर घ्या."

नोकरी गेली नाही, बोलणी भरपूर खाल्ली. बालकल्याण मंडळापुढे मी माझी चूक स्वतः वाचून दाखवली आणि पोर आईकडेच राहिली, आई कामावर असेल तेव्हा जावेकडे.

ते सांगायला मी हमरापूरला गेले. माझी छाती जरा फुगलीच होती. आई पोरीला न्यायला आली होती आणि तिचे रंगानं माखलेले हात धूत होती.

"मिळाली ना पोर परत?" मी म्हटलं.

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "परत? ती तुमची कवा व्हती?"