माणच्या इमारतीचा पोर्च

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. माणमधल्या बौद्ध समाज मंडळाच्या इमारतीत फलक आहे: माझ्या सल्ल्यामुळे ही इमारत वाचली. ते अर्धंच खरं आहे.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. मंडळाला वर अभ्यासिकेचा मजला चढवायचा होता. जुनी इमारत तेवढं वजन पेलेल का, हे मला सांगायचं होतं. खात्रीचा उपाय म्हणजे कोअर टेस्ट. काँक्रीटचा नळकांड्यासारखा तुकडा कापून काढायचा आणि लॅबमध्ये दाबून ताकद बघायची. मी ती केलीच नाही. प्लास्टरच्या भेगा पाहिल्या, बांधकाम श्रमदानाचं असल्याचं ऐकलं आणि माल कच्चा असणार असं धरून चाललो. पाडा म्हणालो.

ती बांधणाऱ्यांपैकी दामूअण्णा तेवढे उरले होते.

"कच्ची कशी असंल, सायेब? घरटी पाळी लावून पाणी मारलंय स्लॅबला. माझी बायकू पोरीच्या आधी स्लॅबला न्हाऊ घालायची!"

"अण्णा, मायेनं काँक्रीट पक्कं होत नाही."

कमिटी हसली. काँक्रीट ओलं ठेवण्यालाच आम्ही क्युरिंग म्हणतो, आणि पूर्ण ताकद त्यानेच येते. हे मला कळायला हवं होतं.

काँक्रीट फोडायचं ब्रेकर मशीन आधी पोर्चला लावलं. खांबांशिवाय पुढे आलेला तो पोर्च. रिक्षावाले, भाडेकरू, सगळे पत्ता त्याच्यावरूनच सांगत. तो पडला, पण ऑपरेटर घामाघूम झाला.

"साहब, इतना पक्का माल! तोड क्यूँ रहे हो?"

मी काम थांबवलं. मग कोअर काढले. रिझल्ट उत्तम. अध्यक्ष संगीताताईंना फोन केला.

"म्हणजे पाडायची नाही, सर?" त्या ओरडल्याच.

"नाही. टेस्ट करून घेतली, बरं झालं."

ती कधी करायला हवी होती, ते बोललो नाही.

मजला झाला. उद्घाटनाला मला शाल मिळाली. पहिल्या रांगेत अण्णा टाळ्या वाजवत होते. आज अभ्यासिकेत जागा धरायला पोरं सकाळीच दप्तरं ठेवून जातात. बघून बरं वाटतं. टेस्ट मत बनवण्याआधी करायची असते, एवढं त्या पोर्चने शिकवलं.

कार्यक्रमानंतर मी अण्णांशेजारी जाऊन बसलो होतो.

"अण्णा, त्या पोर्चचं..."

"जाऊ द्या वो. आता खालच्या खिडकीतनं ऊन येतंय पोरास्नी. च्या घ्या."

मी चहा घेतला. पुढच्या खेपेला बोलू म्हटलं. पुढच्या खेपेला अण्णा नव्हते.

पोर्च माझ्यामुळे गेला, अण्णा. तुमचं ऐकायला हवं होतं. माफ करा. एवढंच म्हणायचं होतं.