शेवंतामावशींचा शनी

आकाश बघणाऱ्या माणसांकडे किश्श्यांचा तोटा नसतो. कारण साधं आहे. प्रत्यक्ष आकाश फार कमी वेळा दिसतं. बाकीचा वेळ ढग जायची वाट बघण्यात जातो, आणि वाट बघताना माणसं काही ना काही उद्योग करून बसतात. आमचा ग्रुप जेमतेम तिघांचा, तरी माझ्याकडे वही भरेल एवढे किस्से साठलेत. पूर्वी ते सांगताना मला नुसतं हसू यायचं.

*

सुरुवात बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर झाली. वरच्या मजल्यावर बर्वे सर राहतात. गणिताचे निवृत्त शिक्षक आणि आठ इंची दुर्बिणीचे मालक. आम्ही दोघं गच्चीवर जायला लागलो आणि आठवड्याभरात जिन्यात नोटीस लागली : ‘गच्चीवर दुर्बीण लावू नये. समोरच्या इमारतीची तक्रार आहे.’

सरांनी खिशातलं पेन काढून खाली लिहिलं, ‘समोरच्या इमारतीत बघण्यासारखं काहीही नाही. खात्री करून घेतली आहे.’

दुसऱ्या दिवशी गच्चीला कुलूप!

*

मग निलेश आला. खराडीच्या आयटी कंपनीत नोकरी, हातात महागडा कॅमेरा. त्याच्या ओळखीतून हडपसरच्या पुढे एक शेत मिळालं. ते शेवंतामावशींचं. परवानगी त्यांच्या मुलाने दिली होती, पण आईला सांगायचं तो विसरला.

अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून आम्ही टॉर्चला लाल कागद लावतो. शेतात तीन माणसं लाल उजेडात वाकून काहीतरी शोधताहेत म्हटल्यावर मावशींना वाटलं, गुप्तधनवाले आले. त्या काठी घेऊन आल्या आणि त्यांनी भली मोठी बॅटरी थेट सरांच्या तोंडावर मारली.

“अहो, आधी ती बॅटरी बंद करा,” सर म्हणाले. “मग आम्हाला खुशाल चोर समजा.”

गैरसमज मिटला. आम्ही शनी बघायला आलोय म्हटल्यावर मात्र मावशी चकित झाल्या. “आमी त्याची नजर पडू नये म्हणून त्येल वाहतो, आन तुमी त्यालाच बघाया आलाय व्हय?” सरांनी त्यांना शनीच्या कड्यांबद्दल वीस मिनिटं समजावून सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

“मंग मला बी दावा की ते कडं,” त्या म्हणाल्या.

*

त्या दिवशी नाही दाखवलं. दुर्बीण बाहेरच्या हवेला थंड व्हायला अर्धा तास लागतो, त्याआधी सर कुणाला डोळा लावू देत नाहीत. मावशी पदर डोक्यावर घेऊन अर्धा तास उभ्या राहिल्या. दुर्बीण थंड झाली आणि ढग आला. सरांनी शांतपणे झाकण लावलं आणि पुढच्या अमावास्येला या म्हणून सांगितलं. म्हणजे मावशींना, त्यांच्याच शेतात!

खरं तर शनी बघायला अमावास्या लागत नाही, तो चांदण्यातसुद्धा दिसतो. अमावास्या आम्हाला हवी असायची, अंधुक तेजोमेघ आणि दीर्घिका बघायला. ते बघून होईपर्यंत शनी कधी मावळलेला असायचा, कधी झाडाआड गेलेला. मावशी विचारायच्या आणि आम्ही पुढची तारीख द्यायचो. वर त्यांनी आणलेली पिठलं-भाकरी खाऊन यायचो. आज हे लिहिताना लाज वाटते.

*

एकदा शनी अगदी नेमका समोर होता, पण दुर्बिणीला निलेशचा कॅमेरा जोडलेला. तो दर मिनिटाला एक असे फोटो काढत होता आणि दुर्बिणीला धक्का लागून चालणार नव्हता. मावशी आल्या तेव्हा त्याने खिशातून मोबाइल काढून शनीचा फोटो दाखवला. सुंदर फोटो होता, कडी अगदी ठसठशीत.

मावशींनी मोबाइल परत दिला. “असला तर माझ्या नातवाकडं बी हाय. मला खरा बघायचाय.”

निलेश म्हणाला, “मावशी, नेक्स्ट टाइम पक्का.” मी शेजारी उभा होतो. कॅमेरा काढ म्हणालो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं. मी म्हणालो नाही.

*

मग शेत विकलं गेलं. तिथे टॉवर झाले आणि त्यातल्याच एकात, नवव्या मजल्यावर, मावशी राहायला गेल्या. आम्ही नवी जागा शोधली. जाणंयेणं सुटलं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. काचबिंदूने एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याचा भरवसा डॉक्टर देत नव्हते. “दावायचं आसंल तर आता दावा,” एवढंच म्हणाल्या.

अडचण अशी, की शनीची कडी दर चौदा-पंधरा वर्षांनी आपल्याकडे कडेने वळतात आणि मग दिसेनाशी होतात. नेमकं तेच वर्ष होतं. मावशींच्या शेतात आम्ही जायचो तेव्हा ती चांगली उघडी होती. पुन्हा तशी उघडायला अजून काही वर्षं जाणार. सरांना मी म्हटलं, आपण जाऊन काय दाखवणार?  सरांनी दुर्बीण बांधायला घेतली.

संध्याकाळी सातला आम्ही तिघं लिफ्टने टॉवरच्या गच्चीवर गेलो. सर्वत्र दिव्यांचा लख्ख उजेड. सरांनी शनी लावला, मी बघितलं. नुसता पिवळट ठिपका, कड्यांचा मागमूस नाही. हे मावशींना कुणी सांगायचं, ते ठरलेलंच नव्हतं.

सुनेच्या खांद्यावर हात ठेवून मावशी आल्या. वाकून त्यांनी चांगला डोळा लावला आणि खूप वेळ तशाच राहिल्या. आम्ही तिघंही जमिनीकडे बघत होतो.

“दिसलं,” मावशी म्हणाल्या. “कडं बी दिसलं. लई देखणं हाय.”

सुनेने उत्सुकतेने डोळा लावला. “कुठंय हो, आई? नुसता ठिपका तर आहे.”

“आसं लगीच दिसत न्हाई, बाई,” मावशी म्हणाल्या. “थांबावं लागतं. मी सात वर्सं थांबले.”