न्यामखंद वहिनीची गाठ

माझी थोरली वहिनी न्यामखंद टोप्या शिवायची. शर्यतीत घोड्यावर बसणाऱ्या पोरांच्या टोप्या, रेशमी, कपाळावर सूर्य भरलेला आणि मागे दोन लाल फिती. नादामचा, म्हणजे आमच्याकडच्या घोड्यांच्या शर्यतींचा, सण महिन्यावर आला की साठ-साठ किलोमीटरवरून घोडेवाले आपापली पोरं घेऊन तिच्या तंबूशी यायचे. मापाची पट्टी तिने कधी हातात धरली नाही. पोराच्या डोक्यावर एकदा पंजा ठेवायची आणि "हं, जा" म्हणायची. तोंडाने फटकळ होती. मी इतकी वर्षं घोडे तयार केले, पण तिच्या लेखी मी कायम घोड्याची लीद काढणारा गडीच राहिलो. मीही तिला सोडायचो नाही म्हणा.

तिची खरी कारागिरी होती ती हनुवटीखाली. ती लहान असताना तिचा धाकटा भाऊ शर्यतीत पडला, टोपीची दोरी खोगिराला अडकली आणि त्याचा गळा आवळला गेला. तो वाचला, पण आवाज जन्मभर घोगरा राहिला. तेव्हापासून ती फितीला एक खास गाठ मारायची. घोडा सरळ धावतोय तोवर गाठ पक्की, आणि झटका बसला की एका ओढीत मोकळी. प्रत्येक पोराकडून ती गाठ दहा-दहा वेळा मारून घ्यायची. "टोपी गेली तर दुसरी शिवीन," असं ती आयांना सांगायची, "पोर कुठून शिवू?"

मग नियम आला. हेल्मेट, छातीचं जाडं जाकीट आणि गुडघ्याचे पट्टे असल्याशिवाय पोराला नंबर मिळणार नाही. आम्ही घोडेवाले खूप कुरकुरलो, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा. आमचे बाप-आजे काय डोक्यावर कढया घालून धावले का, असं मी भर सभेत विचारलं आणि हशा मिळवला. वहिनी हसली नाही. तिने खोक्यातलं एक हेल्मेट उचललं, बोटांनी ठोकून पाहिलं, आतला मऊ थर दाबून पाहिला आणि म्हणाली की वस्तू चांगली आहे, फक्त दिसायला मेली आहे. आठवडाभरात तिने हेल्मेटवर चढवायची रेशमी खोळ शिवली, सूर्यासकट आणि लाल फितींसकट. ती पाहिल्यावर पोरांनी हट्टाने हेल्मेटं मागून घेतली. एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं, कारण पुढचं कोणी विसरत नाही आणि हे मात्र विसरतात.

त्या वर्षी माझ्या दोन वर्षांच्या तांबड्या शिंगरावर बसणार होती नोमून, वहिनीची नात. आठ वर्षांची, हलकी, आणि घोड्याला तिचा आवाज आवडायचा. पण हेल्मेटचं बकल तिच्या हनुवटीला चावायचं. कातडी सोलली होती. सरावात अर्ध्या वाटेवर ती हेल्मेट काढून काखेत मारायची आणि मी ओरडायचो. शेवटी वैतागून मी ते वहिनीकडे नेलं.

"हे बकल कापून टाक आणि तुझी फीत लाव," मी म्हणालो.

तिने हेल्मेट उलटं करून बराच वेळ पाहिलं. "चालेल का, भावजी? हे टोपीसारखं नसतंय."

"तुझी फीत चाळीस वर्षं चालली, ती आताच चालायची नाही होय?"

स्तुतीला माणूस भुलतो. वहिनीही भुलली. तिने बकल कापलं, लाल फीत शिवली आणि नोमूनला गाठ मारायला बसवलं, दहा वेळा. टोपी उडून जावी म्हणूनच ती गाठ होती, आणि हेल्मेटने उडता कामा नये. इतकी साधी गोष्ट. पोरांची डोकी आणि घोड्यांचे पाय यांतच जन्म घालवलेल्या आम्हा दोघांना ती सुचली नाही. नंबर देणाऱ्यानेही रेशमी खोळ पाहिली, "वा" म्हणाला आणि नंबर दिला.

शर्यतीच्या दिवशी धुळीतून माझं शिंगरू पाचवं आलं, एकटंच. पाठीवर कोणी नव्हतं. मी धावत जाऊन आधी त्याचे पाय चाचपले. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आधी घोड्याचे चारही पाय चाचपले आणि मग नोमून कुठे आहे ते विचारलं.

एका बिळात शिंगराचा पाय गेला होता. पोरगी गवतात पडली होती आणि हेल्मेट तिच्यापासून वीस पावलांवर होतं. त्याच्यावर साधा ओरखडा नव्हता.

नोमून दोन महिने शहरातल्या दवाखान्यात होती. जगली. पण डावा कान गेला, उजवा हात थरथरतो, आणि घोड्यावर बसवलं की तिला भोवळ येते. शुद्धीवर आल्यावर तिने सगळ्यांना एकच सांगितलं, की गाठ मीच नीट मारली नव्हती. आम्ही गप्प बसलो. आधी वाटलं पोर आजारी आहे, नंतर बोलू. नंतर वाटलं आता विषय कशाला काढायचा. अशी सात वर्षं गेली.

वहिनीने शिवणयंत्र देऊन टाकलं. दर नादामला ती नंबरच्या टेबलाशी जाऊन बसू लागली. प्रत्येक पोराच्या हनुवटीखाली दोन बोटं घालायची, मग हेल्मेट धरून जोरात ओढायची. कोणाचं बकल बदललेलं दिसलं तर बापाच्या सात पिढ्या काढून पोराला परत पाठवायची. लोक तिला थट्टेने ठाणेदारीण म्हणायचे आणि गुपचूप रांगेत उभे राहायचे.

गेल्या वर्षी नोमून तिच्या मदतीला आली, पंधरा वर्षांची झालेली. एका चिमुरडीचा पट्टा आवळता आवळता ती म्हणाली, "घट्ट लाव गं. मी ढिली गाठ मारली होती, बघ माझं काय झालं."

वहिनीचा हात थांबला. "नोमून, तू गाठ बरोबर मारली होतीस. ती सुटणारीच गाठ होती. मी शिवली होती ती."

नोमूनने चांगला कान पुढे केला. वहिनीने पुन्हा तेच सांगितलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नव्हतं."

नोमूनने त्या चिमुरडीचं बकल लावून तिला पुढे पाठवलं. मग विचारलं, "बकल कापायला तुला कोणी सांगितलं होतं, आजी?"

मी तीन पावलांवर घोड्याची वादी धरून उभा होतो. वहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाही," ती म्हणाली, "माझंच डोकं." मी खाली वाकलो आणि नसलेला खडा शोधायला घोड्याचा खूर उचलला.

वहिनी या वसंतात गेली. टेबलाशी आता नोमून बसते. जाता-येता माझ्याकडे डोकावते, थरथरत्या हाताने मला खारा चहा ओतून देते, निम्मा सांडतो, आणि ती हसते. आज सकाळीही आली. मी तिला म्हटलं, किटली ठेव आणि बस जरा. मग उठलो, तिच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाशी जाऊन बसलो, आणि सांगायला सुरुवात केली.