आईची दुपारची झोप आणि नंदूची चाळण

बंगळूरहून फोन आला तेव्हा मी वेंगुर्ल्यातल्या आमच्या काजू कारखान्यात, गर निवडणाऱ्या बायकांजवळ उभी होते. नंदूचा ऑफिसातला मित्र बोलत होता. ‘‘ताई, नंदू गेला.’’ हृदयविकाराचा झटका. माझा धाकटा भाऊ. त्याला आता दीड महिना झाला...

नंदू एका समाजमाध्यमाच्या कंपनीत होता. मोबाइलवर पुढचा व्हिडिओ कुठला यावा, हे ठरवणारी यंत्रणा त्याची टीम बांधायची. मला ती समजली आमच्या निवडणीच्या टेबलाशी. न कळवता येऊन उभं राहायची त्याला सवयच होती. एकदा असाच आला, मूठभर गर उचलले आणि म्हणाला, ‘‘ताई, माझा काम ह्याच गो.’’ आधी मोठी चाळण. कोट्यवधींतून हजारभर व्हिडिओ भराभर बाजूला काढायचे. मग बारीक निवड. हा माणूस कशावर किती थांबेल, त्याचे प्रत्येकाला गुण. शेवटी मांडणी, म्हणजे एकाच जातीचे लागोपाठ नकोत. आणि माणूस कुठे थांबला, ते परत पहिल्या चाळणीला कळवायचं.

‘‘आमची पार्वती चष्म्याशिवाय करता ह्या,’’ मी म्हटलं. पार्वतीसकट सगळ्या हसल्या. तोही हसला.

गेल्या वर्षी आईने रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर सोडल्या आणि चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडली. गोळ्या सोडून मेथीचं पाणी प्या, असं सांगणारे व्हिडिओ तिला रोज येत होते. नंदू धावत आला. त्याने तिचा मोबाइल तपासला. दुपारी दोन ते तीन, मेथीचा एकच व्हिडिओ, चाळीस वेळा. आई जेवून आडवी होते, मोबाइल छातीवर ठेवून झोपते आणि व्हिडिओ आपला फिरत राहतो.

मी तेव्हा त्याला सोडलं नाही. ‘‘आये निजता आनि तुमका वाटता तिका आवाडला. कसली रे तुझी चाळण?’’

तो तसाच परत गेला. स्क्रीनला हात न लागता फिरणारा व्हिडिओ पाहिला असं धरू नये, एवढ्या एका बदलासाठी तो ऑफिसात कित्येक महिने भांडला. पाहण्याचे आकडे घटतील म्हणून वरच्यांना तो नको होता. त्याचा मला आलेला शेवटचा फोन त्या बदलाचाच. ‘‘ताई, मंजूर झाला गो. आता आये निजली तर निजलीच धरतले.’’

आई गोळ्या घेते. मेथीचे व्हिडिओ थांबले.

नंदूने स्वतःचा एकच व्हिडिओ टाकला होता. निवडणीच्या टेबलाशी बसून तो अख्खे गर आणि तुकडे एकत्र करतोय आणि पार्वती त्याला ओरडतेय. तो व्हिडिओ आईला मधूनच येतो. शोधून लावून देते म्हटलं तर तिला नको असतं. ‘‘आपणहून येवंदे त्येका,’’ म्हणते. आला की बघते आणि बघता बघता झोपते. तिच्या छातीवर नंदू फिरत राहतो आणि त्यानेच केलेल्या बदलामुळे त्यातलं काही मोजलं जात नाही. न मोजलेलं हळूहळू मागे पडतं, हेही त्यानेच शिकवलेलं.

म्हणून मी हल्ली दुपारी जेवायला घरी येते. आई झोपलेली असते. मोबाइलवर नंदू असला, तर स्क्रीनला एकदा बोट लावते आणि कारखान्यात परत जाते.