इंदूची मान

इंदूला शेवटची आंघोळ घालताना तिची मान माझ्या हातावर सैल पडली. बायका रडत होत्या आणि मी ती मान धरून बसले होते. इतकी वर्षं जी वळली नाही, ती आता कुठेही वळत होती...

इंदू माझी धाकटी जाऊ. लालबागच्या चाळीत एकाच खोलीत आम्ही दोघींनी संसार केले. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला दोघी बरोबर गेलो. चाळीतल्या पुष्कळ बायका होत्या. लाठ्या चालल्या, त्यातली एक मागून इंदूच्या मानेवर बसली. रक्त नाही, जखम नाही. काळंनिळं झालं होतं ते शेकून गेलं, पण मान वाकेना की वळेना. हाक मारली की अख्खी इंदू वळायची. पोराला पाजताना तिला खाली बघता यायचं नाही. मला विचारायची, "वयनी, पोरगो झोपलो काय ओ?"

आमच्याकडे सणाला सुनांनी वाकून पाया पडायची रीत. इंदू उभ्यानेच हात जोडायची. सासूबाईंना वाटलं, मोर्चा हिच्या डोक्यात गेला.

"मान खाली घालूक काय जाता गो तुझा?"

"दुखता ओ, आये."

"माका काय दिसना नाय."

दिसत नव्हतं हे खरंच. सासूबाई वाईट नव्हत्या. हाडं बसवणाऱ्याकडे त्याच तिला घेऊन गेल्या. त्याने हिसका दिला, कट्ट आवाज झाला. सासूबाई म्हणाल्या, "बसली मान." मान कसली बसते, इंदूच मटकन खाली बसली. पुढे इस्पितळात फोटो काढला, त्यात हाडं धड निघाली. सासूबाईंनी ते चाळभर सांगितलं. तेव्हापासून इंदू दुखतं म्हणायची बंद झाली. सासूबाई तिला ताठ समजूनच गेल्या.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरीणबाईने तिच्या मानेवर बोटं दाबून पाहिली. म्हणाली, "हाडाचं नाही हे. मार लागला की आत सूज येते. बहुतेकांची ओसरते, काहींची धुमसत राहते. ती नसांना डिवचते, मग साधं वळलं तरी कळ येते. फोटोत ती दिसत नाही."

इंदू म्हणाली, "बाई, परत एकदा सांगा."

बाईने परत सांगितलं. घरी येऊन इंदू सासूबाईंच्या तसबिरीसमोर उभी राहिली. "आये, सूज होती गो आत," म्हणाली. वाकायला गेली, अर्ध्यात थांबली. मी तिला धरून पाटावर बसवलं.

तिचा पाट भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून असायचा. आलेला माणूस तिला न वळता दिसावा म्हणून. अजून तिथेच आहे. घरातली माणसं अजूनही वळसा घालून पाटासमोर येतात आणि मग बोलायला तोंड उघडतात. मीही येते.

मोर्चाला आम्ही दोघी गेलो होतो. आता मी एकटी आहे.